लक्ष लागत नाही: एकाग्रता, सवयी आणि औषधे यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्न शाळकरी मुलांचे पालक, स्पर्धा परीक्षांचे उमेदवार, दिवसभर संगणकासमोर बसणारे नोकरदार आणि चाळिशी ओलांडलेल्या स्त्रिया यांच्याकडून पुन्हापुन्हा येतात. उत्तरे माहितीसाठी आहेत. ती वाचून कोणीही स्वतःहून औषध सुरू करू नये, बदलू नये किंवा थांबवू नये. एखाद्या मुद्द्याचा विस्तार दुसऱ्या उत्तरात आला असेल, तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. माझे लक्ष कशातच लागत नाही. हा आजार आहे, की निव्वळ आळस?

बहुतेक वेळा यांपैकी काहीच नसते. ज्याला आपण एका शब्दात ‘लक्ष’ म्हणतो, त्यात निरनिराळी कामे दडलेली असतात: एका गोष्टीवर टिकून राहणे, आजूबाजूचे आवाज बाजूला सारणे, एका कामातून दुसऱ्याकडे वेळेवर वळणे आणि आताच ऐकलेली सूचना पूर्ण होईपर्यंत ध्यानात ठेवणे. यांपैकी नेमके कोणते काम अडते हे पाहिल्याशिवाय उपाय सापडत नाही. पुस्तक उघडल्यावर दहाव्या मिनिटाला डोळे मिटणाऱ्याची अडचण वेगळी आणि पुस्तक उघडण्याआधीच दुसरी चार कामे काढून बसणाऱ्याची वेगळी.

शिवाय लक्ष थकणे स्वाभाविक आहे. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावर नजर ठेवणाऱ्यांच्या हातून खुणा का निसटतात, हे शोधण्यासाठी नॉर्मन मॅकवर्थ या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने प्रयोग केले आणि ते १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. तबकडीवरचा काटा मधूनच दुप्पट उडी मारी आणि ती उडी टिपायची, एवढेच काम होते. तरीही पहिल्या अर्ध्या तासातच चुका वाढू लागल्या. आळशी माणसाला काम करायचेच नसते. हा प्रश्न विचारणाऱ्यांना ते करायचे असते आणि जमत नसते. घरच्यांनी एवढा फरक ओळखला, तरी घरातली निम्मी भांडणे मिटतील असे मला वाटते. आजार कधी म्हणायचे, ते प्रश्न ११ मध्ये पाहावे.

२. माणसाचे लक्ष आता सोनेरी माशापेक्षाही कमी वेळ टिकते, असे वाचले. खरे आहे का?

नाही, त्या विधानाला शास्त्रीय आधार नाही. ज्याचे मोजमाप झाले आहे ती गोष्ट निराळी आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातील ग्लोरिया मार्क यांनी संगणकावर काम करणाऱ्या माणसांच्या नोंदी घेतल्या, तेव्हा २००४ च्या सुमारास एका पडद्यावर नजर सरासरी अडीच मिनिटे राहत होती आणि अलीकडच्या वर्षांत ती सुमारे ४७ सेकंदांवर आली. हे आकडे माणूस पडदा किती लवकर बदलतो ते सांगतात; त्याची क्षमता किती उरली, हे सांगत नाहीत. तोच माणूस नाट्यगृहात तीन अंकी नाटक जागचा न हलता पाहतो. याचा अर्थ परिस्थिती बदलली की लक्षही बदलते, आणि म्हणूनच पुढच्या उत्तरांत परिस्थितीवर इतका भर दिला आहे.

३. औषधाचा विचार करण्यापूर्वी कोणत्या तपासण्या करून घ्याव्यात?

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात, आणि माझ्या मते तोच सर्वांत आधी विचारायला हवा. लक्ष न लागणे हे ताप येण्यासारखे लक्षण आहे. त्यामागची कारणे अनेक असू शकतात आणि त्यांतील बरीचशी साध्या रक्ततपासणीत किंवा नेत्रतपासणीत सापडतात.

पहिले कारण रक्तक्षय. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांमध्ये आणि ६ ते ५९ महिन्यांच्या सुमारे ६९ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला. ज्या घरात ‘हिचे अभ्यासात मन नाही’ अशी तक्रार असते, तिथे त्या मुलीचे हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) तपासलेले नसणे ही दुर्दैवाने सामान्य गोष्ट आहे. लोहाच्या गोळ्या सुरू असतील, तर त्यांच्यासोबत किंवा जेवणाला लागून चहा घेऊ नये, कारण चहामुळे लोहाचे शोषण घटते. दुसरे कारण बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. ती शुद्ध शाकाहारी कुटुंबांत बरीच दिसते. थायरॉइडचे काम मंदावणे आणि रक्तातील साखर अनियंत्रित असणे यांनीही मेंदू जड झाल्यासारखा वाटतो.

मुलांची दृष्टी आणि श्रवण तपासावे. फळ्यावरचे न दिसणारे मूल काही दिवसांनी फळ्याकडे पाहणेच सोडते. एखादे मूल बोलताबोलता काही सेकंद शून्यात पाहत राहत असेल, हाक मारूनही भानावर येत नसेल आणि नंतर काहीच घडले नाही अशा रीतीने पुढे बोलू लागत असेल, तर तो अपस्माराचा एक प्रकार असू शकतो; त्याला ‘तंद्री’ म्हणून सोडून न देता मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे. रात्री मोठ्याने घोरणाऱ्या आणि सकाळी थकून उठणाऱ्या माणसाने झोपेतील श्वासरोधाची चाचणी करून घ्यावी.

नैराश्य आणि चिंता यांचा उल्लेख मुद्दाम वेगळा करतो. पूर्वी नीट लागणारे लक्ष गेल्या काही महिन्यांत लागेनासे झाले असेल आणि त्यासोबत झोप, भूक व उत्साह बदलला असेल, तर मुळात मनःस्थितीवर उपचार हवेत. रजोनिवृत्तीच्या आगेमागे अनेक स्त्रियांना शब्द न आठवणे आणि विसराळूपणा यांचा त्रास होतो. तो वयाचा दोष म्हणून सोसत बसू नये, स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलावे. सर्दी-ॲलर्जीच्या अनेक जुन्या गोळ्या आणि काही खोकल्याची औषधे झोप आणतात, म्हणून सध्या चालू असलेल्या सर्व औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी.

४. मी रोज सहा तास झोपतो आणि मला तेवढे पुरते. मग झोपेचा दोष कसा?

पुरते असे वाटणे आणि पुरणे यांत अंतर आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही निरोगी प्रौढांना सलग १४ दिवस रोज सहाच तास झोपू दिले. शेवटी त्यांची सावधानता एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी घसरली होती, पण त्यांना स्वतःला मात्र किंचितच झोप आल्यासारखे वाटत होते. म्हणजे ज्या मेंदूने तक्रार करायची, तोच मंदावलेला असतो. प्रौढांना किमान सात तास, १३ ते १८ वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप आवश्यक मानली जाते. सकाळी सातची शाळा आणि रात्री दहापर्यंतची शिकवणी या दोन्हींत सापडलेल्या मुलाची गणिते जुळतच नाहीत, आणि त्याला एकाग्रतेचे व्याख्यान देण्याआधी वेळापत्रक बदलायला हवे.

५. मोबाईल पूर्ण बंद केल्याशिवाय एकाग्रता येणारच नाही का?

पूर्ण बंद करणे बहुतेकांना शक्य नसते आणि त्याची गरजही नसते. खरे नुकसान होते ते दर थोड्या वेळाने काम तोडण्याने. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवून दिले, की एक काम अर्धवट सोडून दुसरे हाती घेतल्यावर मनाचा काही भाग पहिल्याच कामात अडकून राहतो आणि दुसऱ्या कामाचा दर्जा घसरतो. व्हॉट्सॲपवरचा ‘फक्त एक संदेश’ वाचून झाला, तरी त्यातला विषय डोक्यात चालूच असतो.

म्हणून सूचना बंद ठेवाव्यात, निकडीच्या दोन-तीन क्रमांकांचीच घंटी चालू ठेवावी आणि कामाच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. फोन नुसता टेबलावर असला तरी बुद्धी मंदावते, असे सांगणारा २०१७ चा एक अभ्यास गाजला. नंतरच्या सर्व प्रयोगांत मात्र तसाच निष्कर्ष निघाला नाही. तरीही फोन दूर ठेवण्याला काही खर्च नाही, आणि उठून जावे लागणे हाच एक चांगला अडसर ठरतो.

६. अभ्यासिकेत रोज बारा तास बसतो, तरी काही लक्षात राहत नाही. २५ मिनिटांची पद्धत वापरू का?

पुण्यातल्या पेठांमधून आणि जिल्ह्याच्या गावांतून अभ्यासिकांत बसणाऱ्या उमेदवारांचा हा प्रश्न वाचताना वाईट वाटते, कारण बारा तासांचा आकडा हीच त्यांच्या कष्टाची खूण झाली आहे. खुर्चीवर काढलेले तास आणि शिकण्याचे तास एक नसतात. प्रश्न १ मधील प्रयोग आठवावा: एकसुरी कामात लक्ष अर्ध्या तासात घसरू लागते.

२५ मिनिटे काम आणि पाच मिनिटे विश्रांती ही पद्धत फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या अखेरीस स्वयंपाकघरातले टोमॅटोच्या आकाराचे घड्याळ वापरून स्वतःसाठी शोधली. २५ या आकड्यात जादू नाही. पाठांतर किंवा चालू घडामोडी यांना तो योग्य ठरतो. गणिताचे लांब उदाहरण किंवा निबंध यांना ४५ ते ५० मिनिटे बरी पडतात. विश्रांतीत मोबाईल पाहिला, तर ती विश्रांती होत नाही. उठावे, जिना उतरून चढावा, पाणी प्यावे. भरभर चालण्यासारखा वीसेक मिनिटांचा व्यायामही पुढच्या काही काळासाठी लक्ष सुधारतो.

याहून महत्त्वाचे म्हणजे वाचनाची रीत बदलावी. तोच उतारा तिसऱ्यांदा वाचताना तो ओळखीचा वाटतो आणि मन भटकू लागते. पुस्तक मिटून ‘आता काय वाचले’ हे कोऱ्या कागदावर लिहून काढले, की भटकायला जागा उरत नाही, आणि स्मरणातही अधिक राहते. सुरुवातच होत नसेल, तर नुसता ‘उद्या राज्यघटना करीन’ असा संकल्प न करता ‘सकाळी चहाचा कप खाली ठेवला, की मूलभूत हक्कांचे पहिले पान उघडीन’ असा वेळ आणि कृती यांची गाठ घालणारा संकल्प करावा; पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाच्या संशोधनातून अशा संकल्पांचा उपयोग चांगला दिसून आला आहे.

माझा सल्ला असा, की सहा ते आठ तास खरे काम ठरवावे आणि उरलेला वेळ झोप, जेवण व माणसे यांना द्यावा.

७. गाणी ऐकत अभ्यास केला तर चालतो का?

कळणाऱ्या भाषेतील शब्द असलेली गाणी वाचन आणि लेखन यांत अडथळा आणतात, कारण दोन्हींना भाषेचेच केंद्र लागते. वाद्यसंगीत किंवा पंख्याचा एकसारखा आवाज काहींना मदत करतो. यांत्रिक कामाला गाण्यांनी हरकत नाही.

८. चहा, कॉफी किंवा एनर्जी ड्रिंक यांनी एकाग्रता वाढते का?

कॅफीन झोप पुढे ढकलते आणि सावधानता काही काळ वाढवते, एवढे निश्चित आहे. ते रक्तातून निम्मे होण्यास प्रौढांमध्ये सुमारे पाच तास लागतात. संध्याकाळी पाचच्या चहातले निम्मे कॅफीन रात्री दहाला शरीरातच असते, आणि रात्रीची बिघडलेली झोप दुसऱ्या दिवशी आणखी चहा मागते. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅम आणि गर्भवतींसाठी २०० मिलिग्रॅम ही मर्यादा सांगितली आहे. भारतीय नियमांनुसार कॅफीनयुक्त पेयात लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असू शकते आणि ते मुलांसाठी योग्य नसल्याची सूचना वेष्टनावर असावी लागते. शाळकरी मुलांना परीक्षेच्या काळात ही पेये आणून देऊ नयेत. साखरेने मुले अतिचंचल होतात हा समज मात्र १९९५ मधील अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत टिकला नाही. साखर कमी करण्याची कारणे दात आणि वजन ही आहेत.

९. ब्राह्मी, शंखपुष्पी, सुवर्णप्राशन यांचा उपयोग होतो का?

ब्राह्मीवर काही नियंत्रित अभ्यास झाले आहेत. साधारण बारा आठवडे घेतल्यावर स्मरणाच्या काही चाचण्यांत थोडी सुधारणा दिसते. एकाग्रतेवरील परिणाम त्याहून अस्पष्ट आहे. पोट बिघडणे हा नेहमीचा त्रास. शिवाय बाजारात ब्राह्मी या नावाखाली दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात, एक नीरब्राह्मी आणि दुसरी मंडूकपर्णी, तेव्हा वेष्टनावरील शास्त्रीय नाव पाहावे. शंखपुष्पीबाबत माणसांवरील पुरावा तोकडा आहे. सुवर्णप्राशनात सुवर्णभस्म, मध आणि तूप असते. एक वर्षाखालील बाळाला मध देणे बोटुलिझम या गंभीर विषबाधेच्या धोक्यामुळे टाळायलाच हवे. भस्मयुक्त औषधे नोंदणीकृत वैद्यांच्या सल्ल्यानेच घ्यावीत, कारण काही उत्पादनांत शिसे आणि पारा आढळल्याच्या नोंदी आहेत. कोणतेही ‘नैसर्गिक’ औषध चालू असेल, तर ते ॲलोपॅथीच्या डॉक्टरांपासून लपवू नये.

१०. ध्यान, त्राटक किंवा बुद्धीचे खेळ यांनी लक्ष सुधारते का?

ध्यानाचा मध्यम स्वरूपाचा फायदा अनेक अभ्यासांत दिसतो. मन भटकले हे ध्यानात येणे आणि त्याला न रागावता परत आणणे, हाच त्यातला व्यायाम आहे. म्हणून ‘माझे मन ध्यानात फार भटकते’ ही तक्रार घेऊन ध्यान सोडण्याचे कारण नाही. रोज दहा मिनिटांपासून सुरुवात करावी. तीव्र नैराश्य, उन्माद किंवा भास यांचा इतिहास असेल, तर इगतपुरीसारख्या ठिकाणच्या दहा दिवसांच्या मौन शिबिराला जाण्यापूर्वी आपल्या मनोविकारतज्ज्ञांना विचारावे आणि अर्जात ही माहिती खरी लिहावी.

बुद्धीच्या खेळांनी माणूस त्या खेळात तरबेज होतो. ती सुधारणा अभ्यासात किंवा कामात उतरते, याचा पुरावा कमकुवत आहे. ल्युमॉसिटी या ॲपच्या कंपनीने अशाच दाव्यांवरून २०१६ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी २० लाख डॉलर भरून तडजोड केली. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणाऱ्या ‘मिडब्रेन’ वर्गांना कोणताही शास्त्रीय आधार नाही. त्या शुल्कात मुलाच्या सर्व तपासण्या होऊन पैसे उरतील.

११. एडीएचडी म्हणजे काय आणि तो कसा ओळखतात?

हा मेंदूच्या विकासाशी संबंधित विकार आहे. त्यात लक्ष टिकत नाही, किंवा शरीर आणि मन यांची चंचलता व उतावीळपणा वयाच्या मानाने फार जास्त असतो, किंवा दोन्ही असते. जगभरातील पाहण्यांनुसार सुमारे पाच टक्के मुलांमध्ये तो आढळतो आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. आईवडिलांच्या लाडाने किंवा दुर्लक्षाने तो होत नाही.

रक्ताची चाचणी किंवा मेंदूचा स्कॅन यांनी निदान होत नाही. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ मधील निकषांनुसार मुलांमध्ये ठरावीक नऊपैकी किमान सहा लक्षणे, तर १७ वर्षांपासून पुढे किमान पाच लक्षणे असावी लागतात, आणि तीही किमान सहा महिने टिकलेली. त्यांतील काही बारा वर्षांच्या आत सुरू झालेली असावीत, ती घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावीत आणि त्यांनी जगण्यात खरा अडथळा आणलेला असावा. म्हणून नीट निदानाला पालक आणि शिक्षक या दोघांचे म्हणणे लागते. पाच मिनिटांत निदान करून चिठ्ठी हाती देणाऱ्याकडून दुसरे मत घ्यायला निघावे.

१२. माझा मुलगा मोबाईलवरील खेळात दोन तास गुंततो. मग त्याला एडीएचडी कसा असेल?

असू शकतो. क्षणाक्षणाला बक्षीस देणाऱ्या कामात अशा मुलांचेही लक्ष लागते. अडचण असते ती उशिरा फळ देणाऱ्या, कंटाळवाण्या पण आवश्यक कामात. उलट, खेळात गुंततो आणि अभ्यासात नाही एवढ्यावरून एडीएचडी ठरतही नाही. निकष प्रश्न ११ मध्ये आहेत.

१३. मुलगी पहिलीत आहे आणि बाई म्हणतात ती एका जागी बसत नाही. लगेच तपासणी करावी का?

आधी तिचे वय वर्गातल्या इतरांशी ताडून पाहावे. वर्गातील सर्वांत लहान मुलांना एडीएचडीचे निदान अधिक वेळा होते, असे कॅनडा, तैवान आणि इतर देशांत दिसून आले आहे. जवळजवळ एक वर्षाने मोठ्या मुलांच्या मापाने ती मोजली जातात. सहा वर्षांखालील मुलांत निदान झालेच, तरी पहिला उपाय पालकांचे प्रशिक्षण हा असतो: छोट्या सूचना, ठरलेली दिनचर्या, चांगल्या वागण्याची तत्काळ दखल. औषधाचा विचार नंतर.

१४. वयाच्या पस्तिसाव्या वर्षी एडीएचडी असल्याचे कळू शकते का?

होय, पण तो पस्तिसाव्या वर्षी सुरू होत नाही. लहानपणीच्या खुणा शोधाव्या लागतात, आणि त्यासाठी जुनी प्रगतिपुस्तके किंवा आईची आठवण उपयोगी पडते. मुलींमध्ये दंगा कमी आणि हरवलेपणा जास्त असल्यामुळे त्या अनेकदा नजरेतून सुटतात. हुशारीवर शाळा निभावते, आणि नोकरी, संसार व मूल एकत्र आल्यावर सगळे कोसळते. स्वतःच्या मुलाची तपासणी करताना ‘हे तर माझेच वर्णन आहे’ असे उमगलेले आईवडील पुष्कळ आहेत. लक्षणे मोठेपणीच नव्याने सुरू झाली असतील, तर प्रश्न ३ कडे वळावे.

१५. कोणाकडे जावे? परवडणारी सोय आहे का?

निदान आणि औषध यांसाठी मनोविकारतज्ज्ञ. मुलांसाठी बालमनोविकारतज्ज्ञ किंवा विकासात्मक बालरोगतज्ज्ञ. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि मानसोपचार करतात, औषध लिहून देत नाहीत. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणी पाहावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत एडीएचडीचा समावेश आहे आणि त्याखालील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना विनामूल्य सेवा मिळते. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे मनोविकार विभाग, पुणे, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये आणि गोव्यात बांबोळीची मनोविकार संस्था इथे बाह्यरुग्ण तपासणी अल्प खर्चात होते. ‘मनोरुग्णालय’ या शब्दाला बिचकून अनेक जण मागे फिरतात. बाह्यरुग्ण विभागात मात्र बहुतेक माणसे झोप, चिंता आणि अशाच तक्रारी घेऊन आलेली असतात. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो विनाशुल्क आणि चोवीस तास चालू असून मराठीतही बोलता येते.

१६. एडीएचडीची औषधे कोणती आणि ती काय करतात?

भारतात प्रामुख्याने दोन वापरली जातात. मिथाइलफेनिडेट हे उत्तेजक गटातील औषध १९४४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये प्रथम तयार झाले. ते मेंदूतील डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन या संदेशवाहक रसायनांची उपलब्धता वाढवते. साधी गोळी तासाभराच्या आत काम करू लागते आणि तीन-चार तास टिकते. सावकाश विरघळणारी आठ ते बारा तास टिकते आणि ती चावू अथवा कुटू नये. ॲटोमॉक्सेटिन उत्तेजक नाही, रोज घ्यावे लागते आणि पूर्ण परिणाम दिसण्यास चार ते सहा आठवडे, कधी त्याहूनही अधिक लागतात. दोन आठवड्यांत ‘काही फरक नाही’ म्हणून ते सोडणारे पुष्कळ आहेत, आणि ते टाळायला हवे. क्लोनिडीनसारखी इतर औषधे विशिष्ट परिस्थितीत दिली जातात.

१७. या औषधांचे दुष्परिणाम काय? मुलाला व्यसन लागेल का?

मिथाइलफेनिडेटने भूक कमी होते, झोप उशिरा येते, डोके किंवा पोट दुखते, नाडी आणि रक्तदाब थोडे वाढतात; काही मुलांची उंची किंचित कमी वाढते. म्हणून सकाळची न्याहारी गोळीपूर्वी भरपेट द्यावी, रात्रीचे जेवण उशिरा का होईना नीट व्हावे आणि वजन, उंची, नाडी व रक्तदाब यांची नोंद दर भेटीत व्हावी. घरात कमी वयात अचानक हृदयविकाराने मृत्यू झालेले असतील किंवा मुलाला चक्कर येत असेल, तर ते आधीच सांगावे. मूल गप्प, निस्तेज झाले असेल तर मात्रा बहुधा जास्त आहे. ‘शांत झाला’ म्हणून त्यावर समाधान मानू नये. ॲटोमॉक्सेटिनने मळमळ आणि झोपाळूपणा येतो. सुरुवातीच्या काळात मुलांच्या मनात आत्महत्येचे विचार येत नाहीत ना, याकडे लक्ष ठेवावे; डोळे पिवळे किंवा लघवी गडद झाल्यास तत्काळ डॉक्टरांना कळवावे. नैराश्यावरील फ्लुऑक्सेटिन किंवा पॅरॉक्सेटिन हे औषध चालू असल्यास ॲटोमॉक्सेटिनची मात्रा बदलावी लागते.

व्यसनाची भीती समजण्यासारखी आहे. सांगितलेल्या मात्रेत तोंडाने घेतलेल्या औषधाने व्यसन लागणे विरळ आहे, आणि लहानपणी उपचार घेतलेल्या मुलांत पुढे व्यसनाधीनता वाढल्याचे दिसलेले नाही. गैरवापर मात्र शक्य आहे. गोळ्या मोठ्यांच्या ताब्यात आणि कुलपात असाव्यात.

१८. चिठ्ठी असूनही दुकानात औषध मिळत नाही. असे का?

मिथाइलफेनिडेट औषध नियमांच्या ‘एक्स’ अनुसूचीत आहे. त्याच्या विक्रीला वेगळा परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत द्यावी लागते आणि एक प्रत दुकानदाराला दोन वर्षे जपून ठेवावी लागते. त्यामुळे थोडीच दुकाने ते ठेवतात, बहुधा मोठ्या रुग्णालयांजवळची. डॉक्टरांकडूनच दुकानाचे नाव विचारून घ्यावे आणि शेवटच्या गोळीची वाट पाहू नये. ॲटोमॉक्सेटिनला हे बंधन नाही, तरी चिठ्ठी लागतेच.

१९. औषधाशिवाय एडीएचडी सांभाळता येईल का?

सौम्य स्वरूपात अनेकांना येतो. मोठ्यांसाठी बोधात्मक-वर्तनोपचाराचा पुरावा चांगला आहे: कामाचे तुकडे पाडणे, सर्व नोंदी एकाच वहीत ठेवणे, दुसऱ्या कोणाच्या सोबतीत बसून काम करणे. मध्यम आणि तीव्र स्वरूपात औषध न देण्याचीही किंमत असते; ती मार, अपमान, नापासाचे शिक्के आणि अपघात यांच्या रूपात मूल भरते. १९९९ मध्ये अमेरिकेत ५७९ मुलांवर झालेल्या १४ महिन्यांच्या अभ्यासात काळजीपूर्वक दिलेले औषध मूळ लक्षणांवर केवळ वर्तनोपचारापेक्षा सरस ठरले. दोन्ही एकत्र दिल्यावर औषधाची मात्रा कमी लागली. तीन वर्षांनंतर गटांमधील फरक उरला नाही. यावरून एकदा केलेली निवड कायमची नसते आणि दरवर्षी फेरविचार करावा, असे मी समजतो.

२०. मला एडीएचडी नाही. परीक्षेपुरती मित्राची गोळी घेतली तर?

घेऊ नये. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४० निरोगी तरुणांना मिथाइलफेनिडेट, डेक्सॲम्फेटामिन आणि मोडाफिनिल वेगवेगळ्या वेळी देऊन अवघड कोडी सोडवायला दिली. औषधाने त्यांचे प्रयत्न वाढले, पण प्रयत्नांचा दर्जा घसरला. औषधाविना सरस असलेल्यांचे नुकसान अधिक झाले. ‘खूप अभ्यास झाला’ असे वाटणे हा इथे फसवा अनुभव ठरतो. मोडाफिनिल हे अतिनिद्रेच्या विकारांवरील औषध आहे. क्वचित त्वचेची जीवघेणी प्रतिक्रिया त्याने येऊ शकते, आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही ते कमी करते. शिवाय मिथाइलफेनिडेट अमली पदार्थविरोधी कायद्याखालील मनोव्यापारी पदार्थ आहे. ते मित्राला देणारा आणि घेणारा दोघेही अडचणीत येऊ शकतात.

२१. रविवारी, सुटीत किंवा गरोदरपणात औषध बंद ठेवता येते का?

मिथाइलफेनिडेटला सुटी देता येते, आणि भूक किंवा उंचीसाठी डॉक्टर कधीकधी तसे सुचवतातही. ॲटोमॉक्सेटिन असे मधूनमधून सोडता येत नाही. किशोरवयीन मूल दुचाकी चालवत असेल, तर सुटीतही औषध चालू ठेवण्याचा विचार करावा. गर्भधारणेचे नियोजन असेल तेव्हा आधीच बोलावे. ठरलेले एकच उत्तर सर्वांना लागू होत नाही.

२२. दहावी-बारावीला सवलत मिळते का?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही. अनेक मुलांमध्ये दोन्ही असतात, म्हणून वाचन, लेखन आणि गणित यांची चाचणी करून घ्यावी. सवलतीसाठीचे प्रमाणपत्र अधिकृत सरकारी रुग्णालयाकडून लागते. ही प्रक्रिया वेळखाऊ असल्याने आठवी-नववीतच सुरू करावी.

२३. परदेशातून येताना किंवा परदेशी जाताना ही औषधे जवळ ठेवता येतात का?

अमेरिकेत सर्रास दिली जाणारी ॲम्फेटामिन गटातील औषधे भारतात एडीएचडीसाठी विकली जात नाहीत. कायमचे परतणाऱ्यांनी निघण्यापूर्वीच इथल्या डॉक्टरांशी बोलून पर्यायी औषधाकडे वळण्याची योजना करावी. संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित औषधांसाठी आगाऊ परवानगी घ्यावी लागते. जपानमध्ये ॲम्फेटामिन चिठ्ठी असली तरी निषिद्ध आहे. गोळ्या मूळ वेष्टनात, चिठ्ठी आणि डॉक्टरांच्या पत्रासह हातातल्या बॅगेत ठेवाव्यात.

२४. मुलगी राज्यस्तरावर धावते. औषधामुळे ती उत्तेजक चाचणीत अडकेल का?

मिथाइलफेनिडेट आणि मोडाफिनिल यांवर स्पर्धेच्या काळात जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची बंदी आहे. ॲटोमॉक्सेटिन त्या यादीत नाही, तेव्हा ते तिला मानवते का हे डॉक्टरांना विचारता येईल. मिथाइलफेनिडेटच आवश्यक असेल, तर उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज निदानाच्या कागदपत्रांसह राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडे करता येतो. तिच्या पातळीवरील स्पर्धकांना तो कधी करावा लागतो, हे संस्थेकडूनच आधी विचारून घ्यावे. सर्दीच्या काही औषधांतील स्यूडोएफेड्रिनवरही मर्यादा आहे, त्यामुळे साधी गोळी घेण्यापूर्वीही प्रशिक्षकांना आणि डॉक्टरांना विचारण्याची सवय तिला लावावी.